ब्युरेटशास्त्र आणि तुझं ‘चालेल’

माधव नगर, उज्जैन
गुरुवार, कॉलेजातून आल्या आल्या

प्रिय केदार,

बसच्या कंडक्टरने हे पाकीट तुझ्या हातात ठेवलं तेव्हा तू नक्की गोंधळला असशील. आजच्या काळात पत्र कोण लिहितं, आणि तेही तू पुण्याच्या नोकरीतून सुट्टीला घरी आलेला असताना, उज्जैनहून इंदूरला, जिथे माणूस सकाळी नाश्त्याला जाऊन दुपारी जेवायला घरी परत येतो! पण काय करू, व्हॉट्सॲपवर तुला काही विचारायची सोय नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं ‘चालेल’ येऊन पडतं. कागदावर तुला ते जमणार नाही, सगळं वाचावंच लागेल, म्हणून हा खटाटोप. रविवारी तुझे आई-बाबा आमच्याकडे येणार, सुपारी फुटणार, साखरपुड्याची तारीख निघणार, असं दोन्ही घरांनी धरून ठेवलंय. आमच्या आईने दिवाणखान्याचे पडदेसुद्धा धुतले. आणि मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. बाकीच्यांना वाटतं की म्हटलंय, कारण मी ‘नाही’ही म्हटलेलं नाही. तूसुद्धा ‘हो’ म्हटलेलं नाहीस, बरं का. तू ‘चालेल’ म्हटलंयस. ह्या दोन शब्दांत फरक आहे की नाही हे मला रविवारच्या आत मोजायचंय, आणि मोजायचं म्हटलं की मला एकच वस्तू दिसते. तेव्हा आधी थोडं ब्युरेटविषयी ऐक. वैतागू नकोस. किंवा वैताग, मला आवडेल.

ब्युरेट म्हणजे मंगळवारी आमच्या लॅबमध्ये तू जिच्यापुढे गुडघे टेकलेस ती काचेची लांब नळी, खाली तोटी असलेली. जग तिला मोजायचं साधन समजतं. मी इतकी वर्षं तिच्या सहवासात काढल्यावर ठामपणे सांगते, की ती एक बाई आहे आणि स्वभावाने आत्या आहे. पुरावा देते. पातेलं घे, बादली घे, मोजपात्र घे, सगळ्यांचं शून्य तळाशी. ब्युरेटचं शून्य डोक्यावर! कारण आपल्याकडे किती आहे ह्यात तिला काडीचा रस नाही. आपण दुसऱ्याला किती दिलं, तेवढंच ती दाखवते. आता सांग, ही आत्या नाही तर कोण? शिवाय सोवळं कडक. नुसत्या पाण्याने धुतलेलं तिला चालत नाही. जे द्रावण भरायचं, त्याच द्रावणाने आधी आतून विसळावं लागतं, नाहीतर रुसते आणि चुकीचं दाखवते. मी घरी चहाचे कप चहाने विसळते असं आमची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. साफ खोटं आहे. एकदाच केलं होतं, आणि तेव्हा परीक्षा चालू होत्या.

तिच्या वागण्याचे काही नियम मी शोधून काढलेत. ते अजून कुठे छापून आलेले नाहीत, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. वर्षभर निमूट बसलेली तोटी बाहेरून परीक्षक आले की टपकायला लागते. परीक्षक जितके दुरून आलेले, तितकी ती जास्त टपकते. भोपाळवाल्यांच्या वेळी तर धार लागते. ‘मैडम, टपक रहा है!’ ही आरोळी मी झोपेतसुद्धा ओळखीन. दुसरं, तोटीखालच्या चोचीत एक हवेचा बुडबुडा बसलेला असतो. तो सुरुवातीला कुणालाच दिसत नाही. रीडिंग निम्म्यावर आलं की सुटतो आणि सगळं केलेलं पाण्यात जातं. आमच्या जयू मावशीने जमवलेल्या सोयरिकींमध्येही असाच एक बुडबुडा असतो, असं बाबांचं मत आहे. बाबा, म्हणजे आमचे शैलेंद्रराव, जन्मभर बँकेत होते, पण हे निरीक्षण शास्त्रीय आहे. तिसरं म्हणजे डोळा. नळीतलं पाणी काठाला चढतं आणि मध्ये वाटीसारखं खोल होतं. त्या वाटीच्या तळाशी बरोबर डोळा लावून वाचायचं. वरून बघितलं तर एक आकडा, खालून बघितलं तर दुसरा. मावशी येणाऱ्या प्रत्येक मुलाला खालून बघते आणि आई वरून, त्यामुळे आमच्या घरी आजपर्यंत एकाही स्थळाबद्दल एकमत झालेलं नव्हतं.

तुझ्याबद्दल झालं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याचं कारण नीट समजून घे. टायट्रेशन तीन वेळा करायचं असतं. खाली चंबूत आम्ल, वर ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, तो थेंब थेंब सोडत जायचं, रंग बदलला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. खऱ्या हाताने केलं तर तीन आकड्यांत बारीकसा फरक पडतोच. पहिल्या वेळी घाई होते, दुसऱ्या वेळी भीती वाटते, तिसऱ्या वेळी हात बसतो. पण आमच्या कॉलेजच्या मुली हुशार. वरच्या वर्गातल्या दीदीकडून उत्तर आधीच काढून आणतात, उलटा हिशेब करतात आणि तीनही रांगांत तोच आकडा लिहून मोकळ्या. वर मलाच विचारतात, ‘मैडम, सही है ना?’ अगं बायांनो, इतकं सही कधी असतं का? तीनही आकडे तंतोतंत सारखे दिसले की मी समजते, ह्या पोरीने तोटी उघडलेलीच नाही. तर केदार, तू आमच्या घरी, टावर चौकात आणि नंतर बसस्टँडवर दिलेली उत्तरं मी एकाखाली एक मांडून बघितली. सगळीकडे ‘चालेल’.

पहिल्या भेटीचं आठव. आई इतकी घाबरली होती की तिने पोह्यांत मीठच घातलं नाही. आमच्या माळव्यात पोहे बिघडणं ही काय साधी गोष्ट आहे? बाबांनी एक घास खाल्ला, शेवेचा डबा ओढला, वर जिरावणाचा मसाला भुरभुरला आणि जाहीर केलं की मीरा, तू पोहे वाफवलेस, केले नाहीस. आई लाजेने लाल झाली. आणि तू, लहानपण इंदूरात काढलेला माणूस, काय म्हणालास? ‘छान झालेत, काकू, अजून वाढलेत तरी चालेल.’ नुसतं म्हणाला नाहीस, मागून घेतलेस. जयू मावशी कोपराने मला ढोसून ढोसून सांगत होती, किती समजूतदार मुलगा, किती समजूतदार. मला मात्र वाटलं, एकतर ह्याची जीभ गेलेली आहे किंवा हा बिनमिठाचं आयुष्यही कौतुकाने वाढून घेईल.

म्हणून दुसऱ्या वेळी मी मुद्दाम तुला टावर चौकात नेलं आणि गराडूवाल्याला सांगितलं, ‘भैया, एकदम तेज बनाना.’ थंडीत ह्या तळलेल्या कंदाच्या मसालेदार फोडी खाऊन थोडं पाणी कुणाच्याही डोळ्यांत येतं. तुझे तर कान लाल झाले होते, रुमाल ओला झाला होता, आणि त्याने ‘कैसा लगा, भिया?’ विचारल्यावर तू हुंकार भरून म्हणालास, ‘चलेगा.’ तो बिचारा हिरमुसला. तिखट आहे म्हणाला असतास तर त्याने खुशीने लिंबू पिळून दिलं असतं. मग मी माझे प्रश्न काढले. आठवड्यातले पाच दिवस मी स्वयंपाक करणार नाही म्हटलं, चालेल. मला घोरायची सवय आहे म्हटलं, चालेल. मुलं हवीत की नकोत? दोन्ही चालेल. पुण्यात राहायचं की उज्जैनला? कुठेही चालेल. शेवटी मी म्हटलं, लग्नानंतर मी घरात एक पाल पाळणार आहे, आणि तू समोरच्या घड्याळाकडे बघत म्हणालास, चालेल! आमच्या शास्त्रात असा एक प्रयोग करतात, ज्यात चंबूत काहीच नसतं, नुसतं पाणी, केवळ उपकरण काम करतंय का ते बघायला. पालीचा प्रश्न तसाच होता, आणि त्या प्रयोगात तू नापास झालास, राजा. मी घरी येऊन आईला म्हटलं, मुलगा चांगला आहे, पण तो आहे कुठे?

आई म्हणाली, अगं, असे शांत नवरे नशिबाने मिळतात, तुझे बाबा बघ, प्रत्येक गोष्टीवर मत. ते खरंच आहे. पण बाबा वाईट पोह्यांना वाईट म्हणतात, म्हणूनच ते ज्या दिवशी चांगले म्हणतात त्या दिवशी आई गुणगुणत फिरते. ते मला कुठून मिळणार होतं? ‘नाही’ कळवायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात मंगळवारी तू फोन केलास की उज्जैनला काम आहे, कॉलेजवर येऊ का. मी म्हटलं, ये. मनात म्हटलं, तोंडावरच सांगून टाकू, मावशीला मध्ये कशाला घालायचं.

आणि तू आलास तो नेमका प्रॅक्टिकल संपता संपता. पोरी कसल्या निघतायत! ‘मैडम, ये कौन हैं?’ विचारून खिदळत सगळ्या पुढच्या टेबलाशी गोळा झाल्या. आता ह्या सगळ्यांसमोर नकार कसा द्यायचा, म्हणून वेळ काढायला मी तुला एक आखूड एप्रन चढवला आणि ब्युरेटसमोर उभा केला. सांगितलं की पिकल्या पेरूच्या आतला रंग असतो ना, त्याहूनही फिका गुलाबी आला की थांबायचं; एक थेंब जास्त झाला की संपलं. तू तोटी उघडलीस. पण चंबूकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. थोडं सोडलंस की, ‘चालेल?’ अजून थोडं, ‘अजून चालेल?’ मी काही बोलायच्या आत चंबूत भडक राणी रंग! एक पोरगी ओरडली, ‘मैडम, सर ने तो होली खेल दी!’ सगळा वर्ग हसत सुटला. मीही हसले, आणि वाट बघत राहिले की आता तू म्हणशील, चालेल.

तू म्हणाला नाहीस. तुझ्या कपाळावर आठी पडली. देवाशपथ सांगते, ती मी पहिल्यांदा बघितली. ‘हे चुकलं. पुन्हा करतो,’ म्हणालास. मी म्हटलं, अरे जाऊ दे, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं, चहा आलाय, तुझी बस निघून जाईल. तर माझ्याकडे न बघता तू म्हणालास, ‘तू जरा गप्प बस.’ माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच विद्यार्थिनींसमोर! तिथे मला गप्प बस म्हणायची प्राचार्यांची छाती होत नाही. पोरींची तोंडं उघडीच राहिली, आणि मी खरोखरच गप्प बसले. दुसऱ्या वेळीही रंग चढलाच. मग तू चंबू स्वतः धुतलास, बाह्या सरसावल्यास, डोळा पाण्याच्या रेषेला लागावा म्हणून जमिनीवर गुडघे टेकलेस. जीभ दातांत धरलेली. शेवटी शेवटी तर तोटीच्या टोकाला लोंबणारा अर्धाच थेंब तू काचेच्या कडेला टेकवून आत घेतलास. ते मी शिकवलं नव्हतं. माझ्या मुलींना ते कळायला वर्ष लागतं. आणि गुलाबी आला, असा फिका की पाठीमागे पांढरा कागद धरल्यावर दिसावा. तू मला विचारलं नाहीस बरोबर आहे का. चंबूकडे बघून स्वतःशीच म्हणालास, ‘हं. आता झालं.’ तुझे तीनही आकडे वेगवेगळे होते, एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता. परीक्षेत मी तुला नापास केलं असतं. पण केदार, त्या घडीला तू मला भयंकर आवडलास. मी घाईघाईने चहा पुढे केला तर म्हणालास, ‘हा नको, गार झालाय.’ नको! तुझ्या तोंडून! त्या ‘नको’वर मी लॅबमध्ये फुगडी घातली असती, पण पोरी बघत होत्या.

देवास गेटपर्यंत आपण रिक्षाने गेलो, तेव्हा तू बोलत होतास. पुण्यातला तुझा साहेब कसा बिनडोक आहे, लहानपणी पतंगाच्या मांज्याने तुझं बोट कसं कापलं, पुण्यातले पोहे तुला मुळीच का आवडत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडचे कळले होते तर? तू हसून म्हणालास, ‘मीठच नव्हतं त्यात.’ रिक्षावालासुद्धा मागे वळून हसला. मला वाटलं, सापडला. पण बस लागली, तू खिडकीशी बसलास, मी खालून विचारलं की रविवारचं तुला खरंच मनापासून हवंय ना, आणि तुझा चेहरा पुन्हा तसाच झाला, गुळगुळीत. म्हणालास, ‘चालेल. आणि तुझं पुण्याचं काम झालं की सगळं सोपंच होईल.’ बस सुटली. मी तिथेच उभी. कसलं पुण्याचं काम?

घरी येऊन मी जयू मावशीला धरलं. तिने पदराने वारा घेत कबूल केलं की तुझ्या आईला तिने सांगून ठेवलंय, निहारिकाने पुण्याच्या कॉलेजात अर्ज केलाय, वर्षभरात तिकडे येईल. ‘अगं, एवढं तर सांगावंच लागतं, नाहीतर लोक पुढे सरकत नाहीत.’ बघ, सुटला की नाही बुडबुडा! तर हे पत्र त्यासाठी आहे, आणि आता हसत नाहीये. मी कुठेही अर्ज केलेला नाही, आणि करणारही नाही. आई-बाबांचं निमित्त सांगत नाही. ते तर मला घालवायला टपलेत. मलाच इथे राहायचंय. तराणा, घट्टिया अशा गावांहून बस बदलत येणाऱ्या माझ्या मुलींना पहिल्यांदा तो गुलाबी रंग दाखवायचं काम मला जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कामापेक्षा आवडतं. मी पुण्याला येणार नाही. आणि मला तू हवा आहेस. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाही. ते ओढूनताणून जुळवून मला रविवारी तुझ्यासमोर पाटावर बसायचं नाही. तू ‘नाही’ म्हणालास तर मी रडेन, भरपूर जिलबी खाईन, आणि सावरेन. ‘हो’ म्हणालास तर कसं ते सांग: नोकरीचं काय करशील, कशाचं दुःख होईल, माझ्यावर कशासाठी चिडशील. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. तू हसतमुखाने सगळं सोडून इथे येशील, आणि काही वर्षांनी एका संध्याकाळी आमच्या माधव नगरच्या गच्चीत एकटाच उभा असशील, आणि मी विचारीन, काय झालं रे, तर तू म्हणशील, काही नाही. त्यापेक्षा शनिवारी ये आणि माझ्याशी कडकडून भांड. आई-बाबांना मी मावशीकडे पाठवून देते. कितीही मोठ्याने ओरडलास तरी ऐकून घेईन, आणि गप्प बस म्हणालास तर बसेन.

‘तुझीच’ लिहायची फार फार इच्छा असलेली,
निहारिका